पाठचं भावंड

उन्हाळी उत्खनन शिबिरात ऋजुताच्या खड्ड्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीत दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून पुरलेली. आत तान्ह्या मुलाची हाडं होती. सोनटक्के सरांनी नेहमीप्रमाणे हाडाला यंत्र लावलं. यंत्र रक्ताचं सगळ्यात जवळचं जिवंत माणूस शोधून त्याला फोन लावायचं. त्या माणसाच्या होकाराशिवाय हाड हलवायचं नाही, असा आता कायदाच होता.

फोन ऋजुताच्याच खिशात वाजला.

"असं कसं, सर? हे तर दोन-तीन महिन्यांचं असतानाच गेलंय. याचा वंश कुठून येणार?"

"याचा नाही. याच्या पाठीवर एखादं भावंड झालं असणार. तू त्याच्या वंशातली." सर घाम पुसत म्हणाले, "संग्रहालयवाले मागतायत. पण आता तू म्हणशील तसं."

ऋजुता मडक्यांपाशी उकिडवी बसून राहिली.

"घरात नेमकं कुठे पुरलं होतं याला?"

"चुलीच्या शेजारी, जमिनीखाली."

"मग राहू दे इथेच. आईजवळ आहे."

माती परत लोटून झाल्यावर ती बाभळीच्या सावलीत गेली आणि तिने घरी फोन लावला. आपल्या आधीचा मुलगा तान्हा असतानाच गेला, एवढंच तिला मावशीकडून कळलं होतं. घरात तो विषय कधीच निघाला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "दादाचं नाव काय ठेवलं होतं गं?"