बिनसाखरेची

थेमेलिनाने आपल्या घरून कॉफीची पूड, टोस्ट आणि ब्रँडीची बाटली आणली होती. सेवस्तीच्या स्वयंपाकघरात तिने लांब दांड्याची मोठी ब्रिकी शेगडीवर ठेवली, पाणी ओतलं, पूड घातली आणि ढवळायला घेतलं.

"साखर राहिली," सेवस्ती दारातून म्हणाली.

थेमेलिना ढवळत राहिली. "बाहेर बायका येऊन बसल्यात गं. काहीतरी द्यायला हवं ना."

"दे की. साखर घालून दे."

"सेवस्ती, अगं..."

"माझ्या घरात कोण गेलंय?"

त्या बेटावर दुखवट्याची कॉफी बिनसाखरेची, कडूच असते. थेमेलिनाने चमचा खाली ठेवला. सेवस्तीने ब्रिकी उचलून बेसिनमध्ये रिकामी केली, विसळली आणि पुन्हा चढवली. पूड, साखर, वर आणखी साखर. आच बारीक करून ती वाकून बघत राहिली. कडेचा फेस आत सरकला, मधोमध फुगला, तशी तिने ब्रिकी उचलली. आधी प्रत्येक कपात थोडा थोडा फेस, मग कॉफी. एकाही कपातला फेस मोडला नाही.

"साकेलारीसला असाच लागतो," ती म्हणाली. "फेस नसला की कप मागे सारतो मेला..."

तोंडातून गेलेला शब्द तिचा तिलाच ऐकू आला. तिने घाईने कप ट्रेमध्ये ठेवले. मग ट्रे घेऊन बाहेर आली.

तिच्या लेकाची, साकेलारीसची, होडी खडकांपाशी रिकामी सापडली, तेव्हापासून गावातल्या सगळ्या होड्या त्याला शोधत होत्या. बैठकीत बायका काळे कपडे घालूनच आल्या होत्या. एकीने घोट घेतला आणि शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने कप गुडघ्यावर ठेवला तो तसाच.

"प्या ना," सेवस्ती म्हणाली. "कुठल्यातरी खाडीत अडकून बसला असेल. वारा पडला की येईल."



तेवढ्यात तिचा नवरा नोमिकोस बंदरावरून आला. ओले बूट न काढताच खुर्चीत बसला. तिने त्याच्या हातात कप दिला. तो कपाकडे बघत राहिला.

"साखर आहे?"

"नसेल कशी? तुझे तीन चमचे. आज काय पहिल्यांदा पितोयस?"

त्याने कप परत तिच्यापुढे धरला. "बिनसाखरेची दे."

"तुला?"

"होड्या परत आल्यात, सेवस्ती. उद्या कुणी जाणार नाहीये."

बायकांनी कपाळाकडून छातीकडे हात नेत क्रूसाची खूण केली. कोपऱ्यात कुणीतरी हुंदका दाबला. सेवस्ती कप घेऊन आत गेली.

बराच वेळ ती बाहेर आली नाही, तेव्हा थेमेलिना उठून बघायला गेली. शेगडी पेटलेली होती. ब्रिकीतलं पाणी उकळून उकळून तळाला गेलं होतं. पुडीचा डबा उघडा, आणि सेवस्ती कोरडा चमचा हातात धरून उभी होती.

थेमेलिनाने हात लांब करून शेगडी बंद केली. "हो बाजूला. मी करते."

सेवस्ती हलली नाही.

"पूड किती घालतात गं बिनसाखरेच्या कॉफीत?" तिने विचारलं. "आमच्याकडे कधी कुणी तशी प्यायलीच नाही."