रिकामा प्लॅटफॉर्म

"आपण आलो की हा प्लॅटफॉर्म धोकादायक, परत गेलो की सुरक्षित!" मृदुला खानविलकरने कपाळावर हात मारला.

भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायाला तडा गेला होता. तो सांधायला इंजिनीअर मृदुला आणि वसईचा वेल्डर इनास तिसऱ्यांदा आले होते. पण आता सगळे निर्णय संगणक घेई. पाय मोडण्याची शक्यता किती आणि वर जीव किती, याचा हिशेब मांडून तो दोघांना लगेच परत धाडी. वर कोणी नसलं की तोच धोका त्याला चाले, आणि दुरुस्ती रद्द होई.

"वादळात पाय गेला, तर तेल थेट तुमच्या वसईच्या किनाऱ्यावर," मृदुला वैतागून इनासला म्हणाली.

तिने दोघांची ओळखपत्रं वैमानिकाविना उडणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये फेकली. ते उडालं. प्लॅटफॉर्म रिकामा झाला, असं ओळखपत्रांवरून माणसं मोजणाऱ्या संगणकाने धरलं. संध्याकाळपर्यंत तडा सांधला गेला.

मग तिने हेलिकॉप्टर मागवलं.

"प्लॅटफॉर्मवर कोणीही नाही," संगणक नम्रपणे म्हणाला.

"अरे, मग हे बोलतंय कोण?" ती किंचाळली.

शेवटी इनासने वायरलेसवर जवळपास मासेमारी करणाऱ्या भावाला गाठलं. "दोघं अडकलोय. बोट आण."

भावाने एवढंच विचारलं, "जेवलात काय?"