पितळी चावी

रोज सकाळी उठल्या उठल्या इंदुमती कर्णिक घराला चावी द्यायच्या. भिंतीवरच्या पितळी पेटीतली चाकं करकरत फिरू लागायची, वाफेची शिट्टी व्हायची आणि मगच खिडक्या उघडायच्या, चहा उकळायचा. बाकीच्यांची घरं भिंतीत दडलेल्या यंत्रावर मुकाट चालायची. इंदुमतीबाईंनी मात्र यजमान गेल्यावर ही जुन्या घाटाची पेटी तांबट आळीतून हौसेने बसवून घेतली होती. चाकं फिरताना दिसली की घरात कुणीतरी कामाला लागलंय असं वाटायचं. दर शनिवारी त्या तिला चिंच लावून लख्ख घासायच्या.

मग एकदा तापाने त्यांना अंथरुणातून उठवेना. चावी राहूनच गेली. तरी शिट्टी वाजली, खिडक्या उघडल्या, चहाही झाला.

चावी बिघडली असेल म्हणून बरं वाटल्यावर त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. तो हसला. "मावशी, चावी नुसती शोभेची असते हो. चाकंसुद्धा. घर आपलं आपण चालतं. तुम्ही दिली नाहीत तरी काही अडत नाही."

इंदुमतीबाईंनी पेटीच्या चावीवर हात ठेवला.

"खरीखुरी जोडता येईल?"

"येईल की. पण मग एखाद्या दिवशी विसरलात तर सगळं ठप्प. चहासुद्धा मिळायचा नाही."

"नाही मिळाला तर नाही," पदराने पेटी पुसत त्या म्हणाल्या. "माझ्यावाचून कुणाचं तरी अडू दे."