कुत्रीविरुद्ध अर्ज

विषाचा तिसरा लाडूही करवान जातीच्या शिकारी कुत्रीनं नुसता हुंगला आणि मान फिरवली. कुत्री मारायला आलेला नगरपालिकेचा माणूस वैतागून रुद्राणीकडं वळला. अर्ज तिचाच होता.

सहा महिन्यांपूर्वी मायाक्का धनगरणीचं बिऱ्हाड या कुत्रीसकट वसाहतीमागच्या पडीक रानात उतरलं, आणि रुद्राणीची दोन वर्षांची सुमंगला आईच्या कडेवरून खाली उतरेनाशी झाली. एक ओरखडा म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं. कुत्री बांधा, असं रुद्राणीनं मायाक्काला सांगून पाहिलं. करवान बांधलं की त्याचं गाढव होतंय, मायाक्का म्हणाली. आधी तुमची पोर सोडा की, चालायचं इसरंल. तेव्हापासून बोलणं बंद.

बी.ए. झालेल्या रुद्राणीनं मग फुलस्केपची तीन पानं भरली. कुत्री किती वाजता उठते. पळण्याआधी कुठला कान हलवते. भर धावेत चारही पाय कसे जमीन सोडतात. नगरपालिकेतल्या साहेबांनी सगळं वाचून विचारलं, बाई, यात तक्रार कुठली? तिनं घाईनं खाली लिहिलं, लहान मुलांना धोका.

एकच गोष्ट तिनं किळस येऊन लिहिली नव्हती. भाकरीचा पहिला घास मायाक्का स्वतः चावायची आणि तो कुत्रीपुढं टाकायची. त्याशिवाय कुत्री कशालाच तोंड लावत नसे.

आज मायाक्का मेंढरं घेऊन लांब गेली होती. दिवस भरलेली कुत्री मागं राहिली होती. ती जड अंगानं खाली बसली, पण नजर त्या माणसाच्या हातावरच.

"तुमी रोज बघताय म्हणं," तो म्हणाला. "काय केलं की खाती ही?"

रुद्राणीनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मला काय माहीत? मी कुत्र्यांकडं बघत नाही." मग म्हणाली, "लाडू उचला. तिन्ही."

तो शिव्या पुटपुटत गेला.

संध्याकाळी ती पहिल्यांदाच मेंढरांच्या जाळीपाशी गेली. मायाक्कानं कमरेवर हात ठेवले. भांडायला आलाय का, विचारलं.

"व्याली की एक मादी मला द्यायची."

"पोरीला खेळाया व्हय?"

"पोरीनं हात लावायचा नाही," रुद्राणी म्हणाली. "ती माझी."