शेवटची खोली

शार्दूल केतकीच्या दारात आला तोच लंगडी घालत. डावा पाय गुडघ्यात दुमडलेला, कपाळावर गेमच्या पट्ट्याचा लाल वळ.

"पाय टेकतच नाहीये गं," तो धापा टाकत म्हणाला. "काल पट्टा लावून आपला गेम शेवटपर्यंत खेळलो. तेव्हापासून असंच आहे."

"आपला?" केतकीने विचारलं.

गुहेत लंगडी घालत भटकायचा तो गेम तिने एकटीने उभा केला होता. तिने त्यात रचलेली प्रत्येक उडी त्या पट्ट्यातून खेळणाऱ्याच्या अंगात उतरायची. पोस्टरवर मात्र नाव एकट्या शार्दूलचं होतं.

"गुहेतली शेवटची खोली कुठे गेली?" तिने विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काढली. तिथे भिंतीवर तुझं नाव होतं."

"त्याच खोलीत दुसरा पाय टेकायचा असतो. तिथेच पट्टा अंग मोकळं सोडतो. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"केतकी, उद्या गेम बाजारात येतोय! पोरं खेळतील!"

"त्यांची काळजी नको. कंपनीला मी सकाळीच खोली पाठवली, भिंतीवरच्या नावासकट."

"मग मला आत्ता खेळू दे ना ती!"

"उद्या. उद्घाटनाच्या स्टेजवर जाऊन सगळ्यांसमोर सांग, गेम कुणाचा ते. मग खेळ." तिने दार लोटता लोटता त्याच्या दुमडलेल्या पायाकडे पाहिलं. "पायऱ्या बऱ्याच आहेत तिथे. जरा लवकर नीघ."