सतरावी गाठ

"खुर्ची अशी की माणसाले झोप लागते, अन् थंडी अशी की झोपू देत नाई," दसरूभाऊ मुखरूच्या कानाशी कुरकुरले. "कोणाले सांगून ते थंड हवेचं यंत्र बंद कराले लाव ना."

मुखरूनं ऐकलंच नाही. चंद्रपूरच्या त्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांची स्पर्धा चालू होती. मंचावर त्याची मुलगी रीता उभी होती, आणि तिच्यामागच्या पांढऱ्या पडद्यावर त्याच्या गावचा पूल.

भामरागडकडचं गाव ते. दर दिवाळीनंतर तिथल्या नाल्यावर बांबूचा पूल बांधतात. रीत अशी, की जितकी घरं तितक्या गाठी. प्रत्येक घरचा कर्ता माणूस माहुलीच्या वेलीच्या सालीच्या दोरानं एक गाठ मारतो, आणि मग बरीवाईट ती गाठ त्या घराची. एकतीस घरं, एकतीस गाठी. सतरावी मुखरूची.

तीन वर्षं होत आली. माघाचा महिना, पूर नाही की वादळ नाही, आणि पूल पडला. सतरावी गाठ गेलेली. पुलावर कोणी नव्हतं म्हणून बरं. पण त्याच सकाळी, बारावीची परीक्षा तोंडावर असताना, रीताचा साखरपुडा होता. सापळ्यातल्या मासोळ्या पाहून काठावरच्या गवताचा भारा आणायला गेलेली त्याची बायको रुखमाबाई रिकाम्या हातानं बोंबलत परत आली, तेव्हा गावाला कळलं. पल्याड पाहुणे नवे कपडे घालून, पेढ्यांचे खोके धरून उभे. दसरूभाऊ डोंगा लावून त्यांना अल्याड आणतो म्हणाले. पण मुलाच्या मामानं हातातला नारळ पिशवीत परत टाकला. पोरीच्या बापाचीच गाठ सुटली, याहून मोठा अपशकुन कोणता? पाहुणे आल्या वाटेनं गेले.

रीता बारावी झाली, कॉलेजात गेली. मुखरूच्या हातात मात्र त्यानंतर कोणी दोर दिला नाही. तुम्ही बांबू वाहा भाऊ, एवढंच.

"पोरीच्या कागदात तुयी गाठ बेकसूर निघाली," निघताना दसरूभाऊ चारचौघांत म्हणाले होते, "तर यंदा पयली गाठ तुयी." गावानं त्यांना साक्षीला म्हणूनच सोबत धाडलं होतं.

मुखरूच्या दुसऱ्या बाजूला रुखमाबाई, पदर तोंडाशी धरून. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. बस लागली असेल, असं मुखरूला वाटलं.

परीक्षक गुणवंतराव मागे वळून हसले. "गावची मंडळी आलीत. मराठीतच सांग, बाळ."

"मी संगणकात पुलाचे तीन हजार तुकडे केले, सर," रीता म्हणाली. "कोणता तुकडा शेजारच्याला किती ओढतो, किती ढकलतो, ते तो मोजतो. भार जास्त तिथे रंग लाल."

तिनं बटण दाबलं आणि पूल रंगायला लागला. निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा. धानाच्या बांधीतून बांधीत पाणी उतरावं तसा भार गाठीगाठीतून उतरत काठापर्यंत गेला. मुखरूच्या अंगावर काटा आला. पंचवीस पूल बांधले त्यानं, पण पुलाच्या पोटात हे एवढं चालू असतं हे आज दिसलं.

"बाप रे," दसरूभाऊ थंडी विसरले. "पोरगी तं पुलाचा जीव दाखवून राह्यली."

"पडलेल्या पुलाचा फोटो दसरूकाकांच्या फोनमध्ये होता," रीता सांगत होती. "दोराचे तुकडे कॉलेजच्या यंत्रात ओढून त्यांची ताकद मोजली. मग एकेक गाठ ढिली करून मी पूल एकतीस वेळा पाडून पाहिला. सतरावी ढिली केली, तर हे असं होतं."

पडद्यावरचा पूल एका अंगावर झुकला आणि तसाच थांबला. पडला नाही.

"ढिल्या गाठीनं पूल आठ-दहा दिवस कलत गेला असता. गावाला दिसलं असतं. म्हणजे बाबाची गाठ ढिली नव्हती."

दसरूभाऊंनी मुखरूच्या मांडीवर थाप मारली. "पयली गाठ तुयी!" मुखरूला पडदा दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"मग पडला कसा?" गुणवंतरावांनी विचारलं.

रीता पाणी प्यायली. "फोटो एकाच प्रकारे जुळतो, सर. सतरावी गाठ घट्ट असताना, एका क्षणात नाहीशी झाली तर."

पुन्हा बटण. पूल कोसळला, अगदी त्या सकाळसारखा. पाण्यात उभा रुतलेला तो एकटा बांबूसुद्धा तिथेच, तसाच. ही पोर त्या वेळी घरात होती, आणि तिच्या यंत्राला ती सकाळ जशीच्या तशी ठाऊक!

"घट्ट गाठ एका क्षणात नाहीशी कशी होईल?" गुणवंतरावांनी चष्मा काढला.

"ते माझ्या निबंधात नाही, सर."

"तुझा अंदाज काय?"

रीता खाली पाहू लागली. दसरूभाऊंना एकाएकी छत पाहावंसं वाटलं. पोरगी इथवर येऊन आता हरते, एवढंच मुखरूला कळलं. तो उठून उभा राहिला.

"असन माहीच गाठ ढिली, साहेब. तिले काही तरी चुकलं असन, पण तिचा नंबर नका घालवू."

रुखमाबाईनं त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं आणि स्वतः उभी राहिली. तोंडावरचा पदर तिनं बाजूला केला.

"बसा जी तुमी," ती म्हणाली. "ढिली कायची साहेब ह्यायची गाठ? विळ्याले दोनदा धार लावा लागली मले."