सालीच्या रंगाचा पतंग

काहिलीतलं पाणी खदखदायला लागलं तशी जाझिया सालींच्या ढिगाशी धावली. बुचाच्या ओकच्या साली उकळून सपाट करायच्या होत्या आणि त्यातल्याच एकीवर तिचा पतंग बसला होता. ओकची पानं खाणारी अळी असल्यापासून ती त्याला ओळखत होती. ढिगातल्या कोशातून तो पहाटेच बाहेर आलेला. "थांबा! याच सालीवर आहे!" ती ओरडली. "कुठाय? दाखव की, ऐन द्राहम गावच्या राणीसाहेब!" भाऊ हसला. जाझिया डोळे फाडून बघत राहिली. पक्ष्यांना न दिसणारा, सालीच्याच रंगाचा पतंग तिलाही दिसेना. हात फिरवावा तर पंख चुरगळायचे. "अंधार पडेपर्यंत तो हलणारच नाही, बाबा!" भावानं काहिलीत टाकायला साल उचलली, तशी बाबांनी ती काढून घेतली. "ही किडकी आहे. उकळू नको, मधमाश्यांची पेटी करायला बाजूला ठेव." भावानं डोळे बारीक केले. "कीड कुठाय?" "मलाही दिसत नाही," बाबा म्हणाले, "पण आहे."